डबा जर्मनीला गेला, मजुरी कुठं गेली?

मी मंठ्याहून बोलतेय. बचत गटांची समन्वयक म्हणून गावोगाव फिरते, त्यामुळं तुमच्यातल्या बऱ्याच जणी मला ओळखतात. आज बोलायचंय तळलेल्या चिकनवर. माळकरी बायांनी रागावू नये, शेवटी गोष्ट तुमच्या लोणच्या-पापडाचीच आहे.

माझा मावसभाऊ जर्मनीत नोकरीला आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, त्याचा फोन येतोच. "ताई, आज घरी काय केलं?" त्याला माहीत असतं. महिनाभर श्रावण पाळलेला असतो अन् करीला घरोघरी रस्सा नि सुकं शिजतं. तिकडं तो चांगलं तळलेलं चिकन शोधत फिरतो. एका दुकानात वरचं आवरण कुरकुरीत, पण आत मीठच पोचलेलं नाही. कोरियन लोक चिकन दोनदा तळतात, पापुद्रा पातळ नि कडक होतो. ते त्याला आवडलं, पण गोडसर लागलं. शेवटी तुर्की माणसाच्या दुकानातून हाडासकट चिकन आणलं अन् मला फोन लावला.

मी सांगितलं, "आलं-लसूण, हळद, मीठ लावून दोन तास ठेव. थोड्या पाण्यात झाकून शिजव. ते अळणी पाणी काढून पिऊन घे. मग कढईत तेल चांगलं तापव, तुकडे खरपूस होईपर्यंत परत अन् शेवटी काळा मसाला टाक, आधी टाकशील तर जळेल." आधी शिजवलं की मीठ हाडापर्यंत जातं. तेल नीट तापलेलं नसलं तर तुकडे तेल पिऊन मऊ पडतात. त्यानं सगळं तसंच केलं. तरी म्हणाला, "ताई, जमलं, पण आपला वास नाही आला."

येणार कसा? वास असतो मसाल्याचा. धने, सुकं खोबरं, उन्हात वाळवून तळलेला कांदा, दगडफूल, लवंग, दालचिनी, मिरची, एकेक वेगळं भाजायचं. आमच्या गटातल्या एका काकूंचा हात त्यात असा बसलाय की सगळी गल्ली त्यांच्याकडं जाते. युरोपात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस नि दुधाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत, म्हणून चिकन नाही, मसाला गेला. तीन वर्षं दरवर्षी दोन किलो. मी पैसे विचारले की काकू म्हणायच्या, "घरच्या लेकराला देताना पैसे कशाचे?" अन् मीही गप्प बसायचे.

मग एका बैठकीत काकूंचा हप्ता चुकला. दोनशे रुपयांचा. कारण विचारलं तर म्हणाल्या, "औंदा मिरची महाग होती, डंकावरही पैसे गेले." मैत्रिणींनो, मला मान वर करवेना. गटाच्या वहीत हप्ता चुकल्याची खूण मीच केली होती अन् तिचा मसाला मीच फुकट नेला होता.

त्या दिवशी आम्ही बसून हिशेब मांडला. मिरची, खोबरं, तेल, सरपण, दळणावळ सगळं लिहिलं. मजुरीचा रकाना आला तेव्हा काकू म्हणाल्या, "तिथं काही लिहू नकोस, मी घरीच तर असते." आपण सगळ्याच असंच म्हणतो ना?

पण असं न म्हणणाऱ्या बाया होऊन गेल्यात. ज्या तळलेल्या चिकनच्या मागं आज जग आहे, त्याची एक गोष्ट अमेरिकेतल्या गॉर्डन्सव्हिल गावची आहे. तिथं १८६५ मध्ये गुलामगिरी संपली. त्यानंतर कितीतरी वर्षं काळ्या बाया डोक्यावर परात घेऊन रेल्वे स्टेशनवर यायच्या अन् गाडीच्या खिडकीतून प्रवाशांना तळलेलं चिकन विकायच्या. आपल्या एसटी स्टँडवर विकतात तसंच. त्या पैशावर त्यांनी संसार चालवले, काहींनी घरं उभी केली.

लांब कशाला, आपली मुंबई घ्या. गावाकडून आलेल्या गिरणी कामगारांना घरच्या चवीचं जेवण खानावळवाल्या बाया घालायच्या. किराणा उधारीवर, कर्ज सावकाराचं, बँक दारात उभी करायची नाही. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अशा बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं अन् त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. स्वयंपाक तोच होता. फरक पडला तो त्याला धंदा म्हटल्यामुळं.

आम्हीही आता तसंच ठरवलंय. काकूंच्या मसाल्याच्या पाकिटाच्या किमतीत मजुरी धरतो. विकायचं म्हणून अन्नसुरक्षेची नोंदणी करून घेतली, पाकिटावर तारीख नि वजन लिहितो. तुम्हीही विकत असाल तर आधी नोंदणी करा. अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटातल्या सदस्याला ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल द्यायची तरतूद केंद्राच्या २०२० सालच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत होती. आता काय चालू आहे, ते तालुक्याच्या उमेद कार्यालयात जाऊन विचारा.

भावाला मी खरं सांगितलं. त्यानं तिन्ही वर्षांचे पैसे पाठवले. काकूंनी आधी नाही म्हटलं, मग घेतले अन् चुकलेला हप्ता भरला. वहीतली खूण मी स्वतः खोडली.

आपलं लेकरू पुण्यात असो की परदेशात, डबा भरून द्या, प्रेमानं द्या. पण शेजारणीच्या हातचं नेत असाल तर पैसे देऊन न्या. अन् आज घरी गेल्यावर वहीत एक रकाना पाडा, माझी मजुरी. तो कोरा ठेवू नका.