मावळच्या हवेत जुन्या लाकडाचे पॉलिश

मळवली स्थानकाच्या उत्तरेस कार्ले आणि दक्षिणेस भाजे ही लेणी आहेत, हे आपणांस ठाऊक आहेच. परंतु कार्ल्याच्या सुमारे 124 फूट लांब चैत्यगृहात शिरल्यावर शिल्पांवरची दृष्टी काढून छताकडे वळविणारे आणि तेथील सागवानी कमानी जवळजवळ दोन हजार वर्षे आपल्या जागी उभ्या आहेत याचा विचार करणारे विरळाच. त्या लाकडास पाऊस लागत नाही, ऊन लागत नाही, हवा मात्र खेळती मिळते आणि सागाच्या अंगचे तेल त्यास वाळवीपासून राखते. पॉलिशाचा त्यात काडीचाही वाटा नाही.

तेव्हा घरातील वडिलोपार्जित टेबल काळवंडले की सुतारास बोलावून सरसहा रंधा मारण्याचा हुकूम सोडणाऱ्यांस माझी विनंती अशी की, आधी ते सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून, लगेच कोरडे करून पाहावे. कारण तो काळेपणा पुष्कळदा लाकडाचा नसून धुराचा, हातांच्या तेलाचा आणि साचलेल्या मेणाचा असतो. त्यानंतर आतल्या बाजूस स्पिरिटचा एक थेंब टाकावा. जुना थर चिकट झाला तर ते लाखेचे पॉलिश समजावे व ते खरवडून न काढता त्यावरच नवा हात द्यावा. थर ढिम्म राहिला, तर ते बहुधा व्हार्निश असते, आणि ते उखडले असेल तरच काचकागद हाती घ्यावा. तोही लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच फिरवावा, आडवा नव्हे, कारण आडवे ओरखडे पॉलिशाखाली अधिकच उठून दिसतात.

छोटा नागपूरच्या पठारावर पळस व कुसुम या वृक्षांवर पोसणाऱ्या किडीपासून मिळणारी चपडा लाख, एक लिटर स्पिरिटला सुमारे 250 ग्रॅम या प्रमाणात, रात्रभर विरघळू द्यावी आणि गाळून, कापडात गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने तिचे अगदी पातळ हात द्यावेत. खोलीत दिवा वा शेगडी नसावी. आरशासारखी चकाकी आणण्याचा अट्टहास मला तरी शिसवी खुर्चीचा अपमान वाटतो. पण हा ज्याच्या त्याच्या रुचीचा प्रश्न.

मुहूर्ताची बाब मात्र रुचीवर सोडता येत नाही. लोणावळ्याच्या या टापूत पावसाळ्यात धुके घरात शिरते. स्पिरिट झपाट्याने उडून पृष्ठभाग थंडावला की हवेतील बाष्प ओल्या लाखेत उतरते व तिच्यावर पांढुरके पटल धरते. म्हणून दिवाळीपासून होळीपर्यंतची मुदत या कामासाठी राखून ठेवावी, आणि आषाढात असे पटल धरलेच, तर कोरड्या दिवसाची वाट पाहून किंचित स्पिरिट लावलेला बोळा हलकेच फिरवावा.

जवसाचे तेल वापरणार असाल, तर त्यात भिजलेली फडकी कोपऱ्यात गोळा करून ठेवू नका. वाळताना ती आपोआप तापून पेट घेतात. अंगणात सुटी पसरून वाळवावीत, आणि त्यानंतरच कचऱ्यात टाकावीत.