पेटीतली पदके

मुंबईत लोकल सीएसएमटीहून सुटली की पहिले स्थानक लागते मस्जिद. माझ्यासारख्या माणसाला वाटणार, जवळच्या एखाद्या मशिदीवरून हे नाव पडले असेल. मोहल्ला आमचा, शब्द आमचा. पण जुने जाणकार सांगतात की ही मशीद मुसलमानांची नव्हे. ती बेने इस्राएल लोकांची, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू बांधवांची. त्यांचे ‘शार हारहामीम’, म्हणजे दयेचे द्वार, हे प्रार्थनास्थळ मांडवीच्या सॅम्युएल स्ट्रीटवर आहे. ते १७९६ साली उभे राहिले. बेने इस्राएल आपल्या सिनेगॉगला बोलताना ‘मशीद’च म्हणत. पुण्यात डेव्हिड ससून या बगदादी ज्यू दानशूराने बांधलेले सिनेगॉग १८६७ साली पूर्ण झाले, त्याला पुणेकर ‘लाल देऊळ’ म्हणतात. एकाच धर्माचे घर मुंबईत मशीद झाले आणि पुण्यात देऊळ. मराठी भाषेने कोणालाही परके ठेवले नाही, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

मुंबईची ती मशीद बांधणारा माणूस व्यापारी नव्हता, सैनिक होता. त्याचे नाव सॅम्युएल इझिकेल दिवेकर. लोक त्याला समाजी हसाजी म्हणत. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत तो देशी अधिकारी होता. म्हैसूरच्या लढाईत तो आणि त्याचे सोबती टिपू सुलतानाच्या हाती सापडले. त्यांच्या सुटकेची एक कथा बेने इस्राएल घरांत पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. कैद्यांना विचारले गेले, तुम्ही कोण? ते म्हणाले, आम्ही बेने इस्राएल. हे ऐकून टिपूची आई मध्ये पडली. कुराणात ज्यांचा उल्लेख आहे ते हे ‘बनी इस्राईल’, यांना मारू नका, असे तिने मुलाला सांगितले. समाजी जिवंत परतले आणि देवाचे आभार म्हणून त्यांनी मुंबईत प्रार्थनास्थळ बांधले. इतिहासकार या कथेला आख्यायिका म्हणतील, म्हणोत. कुराणाच्या सतराव्या सूरेला ‘बनी इस्राईल’ असेही नाव आहे, हे मात्र मी लहानपणापासून जाणतो. लढाईतून आणलेला वारसा म्हटला की आपल्याला तलवार आठवते, बिल्ला आठवतो. या समाजाचा सर्वात जुना लष्करी वारसा म्हणजे एका आईच्या रदबदलीची गोष्ट.

बेने इस्राएल मूळचे अलिबाग, पेण, रोहा, चौल या भागातले. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून द्यायचे, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. आडनावे गावांवरून पडली. दिव्याचे दिवेकर, किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर. अब्राहमचा आबाजी झाला, मोझेसचा मुसाजी झाला. अठराव्या शतकात मुंबई वाढू लागली तशी ही मंडळी तिकडे गेली आणि कंपनीच्या पलटणीत शिरली. घाण्याभोवती फिरणाऱ्या घराण्यातली पोरे हवालदार, जमादार, सुभेदार झाली. काही ‘सरदार बहादूर’ झाले. मुंबई फौज जिथे जिथे गेली, इराणमध्ये, ॲबिसिनियात, अफगाणिस्तानात, तिथे ही मराठी बोलणारी ज्यू माणसे गेली. पलटण जिथे थांबली, तिथे त्यांची वस्ती झाली. पुण्याच्या लष्कराभोवतीही ती अशीच वाढली. १८७४ साली वल्हांडण सणाची ‘हगादा’ ही पोथी पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्या चित्रांतल्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत.

मी बारामतीचा. आमचे मूळ गाव इंदापूर तालुक्यातले. बी.ए.साठी पुण्यात होतो तेव्हा रास्ता पेठेत खोली घेऊन राहत असे. वाड्यात खाली एक बेने इस्राएल आजी राहायच्या. त्यांच्या दाराच्या चौकटीवर तिरकी बसवलेली मझुझाची नळी असे. येता-जाता त्या तिला बोटे लावून ओठांना लावायच्या. घरात एलियाहू हनबीच्या नावाने मलिदा केला की एक ताटली माझ्या खोलीवर यायची. पोहे, गूळ, खोबरे, वर फळे. मलिदा हा शब्द आमच्याही घरातला, नियाजचा. त्यामुळे मला त्या घरात उपरे वाटले नाही.

एका संध्याकाळी आजींनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढायला लावली. म्हणाल्या, “अरे, तू शिकलेला आहेस, तुझे डोळे चांगले आहेत. यावर काय कोरलंय ते वाच.” पेटीत जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली पदके होती. पहिले चांदीचे, आजींच्या आजोबांचे, दुसऱ्या अफगाण युद्धातले. हिरवी फीत, तिच्या कडा किरमिजी. एका बाजूला व्हिक्टोरिया राणी, दुसऱ्या बाजूला डोंगरातून चाललेली फौज आणि पाठीवर तोफ घेतलेला हत्ती. खाली साल, १८७८-७९-८०. मग वडिलांची दोन. ते पहिल्या महायुद्धात लष्करी इस्पितळात डॉक्टरांच्या हाताखाली बसऱ्याला होते. एक चांदीचे, एक पिवळ्या धातूचे. पिवळ्यावर पंखवाली विजयदेवता, आणि फीत इंद्रधनुष्यासारखी. शिवाय कातडी पट्ट्याचे पितळी बक्कल, नोकरीचे कागद आणि एक हिब्रू प्रार्थनेचे पुस्तक. त्याच्या समासात बोरूने मोडीत काही लिहिलेले होते.

पदकाच्या मधल्या चित्राकडे सगळे पाहतात. खरी गंमत असते त्याच्या कडेला. जाडीवर बारीक अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. इंग्रज कारकुनाने ऐकून लिहिलेले मराठी ज्यू नाव कसे दिसते ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. तीनदा वाचल्यावर ते नाव तोंडात बसले. आजींनी ते पुन्हा म्हणायला लावले. साऱ्या घरात आजोबांचे नाव एवढ्याच जागी लिहिलेले होते. फोटो नव्हता, पत्र नव्हते. मी सगळे मजकूर देवनागरीत एका वहीच्या पानावर उतरवून दिले आणि पदकांसमोर एक, दोन, तीन असे आकडे घातले.

मी तेव्हा तरुण होतो आणि मनात जे आले ते विचारले. “आजी, ही पदकं इंग्रजांची. आपल्याच देशाला गुलाम करणाऱ्यांची. तुम्ही ती का जपता?” त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “राणीचं तोंड मी जपत नाही रे. आजोबा बर्फातून घरी आले, ते जपते.”

त्या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला आहे. साम्राज्याची लढाई साम्राज्याची असते, पण तिथून परतलेला माणूस घरच्यांचा असतो. १८८० च्या जुलैमध्ये मैवंदला इंग्रजांचा मोठा पराभव झाला. तिथे मुंबई फौजेच्या पलटणी कापल्या गेल्या. त्यात मराठे होते, मुसलमान होते, सगळे होते. समोर लढणारे अफगाण आपला देश राखत होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पदक हातात घेताना दोन्ही मनात ठेवाव्या लागतात.

आणखी एक गोष्ट ठेवावी लागते. ज्या सरकारने ही पदके दिली, त्यानेच पुढे दार लावून घेतले. १८९० च्या दशकात फौजेची मांडणी जातीनिहाय होऊ लागली. अमुक जातीची एक कंपनी, तमुक जातीची दुसरी. बेने इस्राएल संख्येने एवढे थोडे की त्यांची स्वतंत्र कंपनी होईना. सुभेदारांचे नातू मग रेल्वेत, टपाल खात्यात, इस्पितळांत नोकऱ्या धरू लागले. त्याच सुमारास, १८९२ साली, महार समाजाचीही भरती बंद झाली. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे सुभेदार होते, हे आपण जाणतो. दोन अगदी वेगळे समाज, पण दोघांच्या घरात पदक राहिले आणि नोकरी गेली. मग ते पदक नुसता मान राहत नाही, तो अर्जाला जोडायचा पुरावा होतो. आम्ही लायक होतो, हे सांगणारा.

नंतर काळ बदलला. स्वतंत्र भारताच्या सैन्यात हा छोटा समाज पुन्हा दिसला. बेंजामिन अब्राहम सॅमसन हे बेने इस्राएल अधिकारी आपल्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे प्रमुख होते. नृत्यांगना लीला सॅमसन या त्यांच्या कन्या. बांगलादेश युद्धात १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याला पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली. तिची बोलणी करणारे जनरल जेकब कोलकात्याच्या बगदादी ज्यू घराण्यातले. ते अविवाहित होते, २०१६ साली गेले. त्यांचा वारसा सांगायला मूल नाही, म्हणून तो आपल्या सगळ्यांच्या वाट्याला आला आहे. इंग्रजीतले थोर कवी निसीम इझिकेल हेही बेने इस्राएलच. त्यांच्या एका आत्मचरित्रात्मक कवितेत घाणा चालवणारे पूर्वज येतात आणि बोअर युद्ध पाहिलेला एक मेजरही येतो. घाणा आणि बंदूक, एका समाजाचा दोनशे वर्षांचा प्रवास या दोन वस्तूंत मावतो.

दुसऱ्या महायुद्धातल्या पदकांचे एक वैशिष्ट्य मला कवी म्हणून फार आवडते. त्या वेळचे ‘तारे’, १९३९-४५ चा किंवा ब्रह्मदेशाच्या मोहिमेचा, सहा टोकांचे आहेत. ज्यू लोकांचा दाविदाचा ताराही सहा टोकांचा. हा निव्वळ योगायोग. पण त्याच वर्षांत युरोपात ज्यूंना कपड्यांवर सहा टोकांचा पिवळा तारा शिवायला लावला जात होता, वेगळे काढून मारण्यासाठी. इकडे भारतातला ज्यू सैनिक सहा टोकांचा तारा छातीवर मानाने लावत होता. आपल्या मातीत ज्यूंचा छळ झाला नाही, ही गोष्ट आपण भाषणात अभिमानाने सांगतो. तो अभिमान टिकवायचा तर शेजारच्या थोड्या लोकांशी रोज नीट वागावे लागते. हे मी स्वतः थोड्यांपैकी एक असल्याने सांगू शकतो.

१९४८ नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्राएलला गेले. आज महाराष्ट्रात त्यांची संख्या अगदी थोडी आहे. राज्य सरकारने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. माझ्या ओळखीच्या आजी पुण्यातच वारल्या. पुढे मुले परदेशी गेली तेव्हा पेटीची वाटणी झाली. अफगाण पदक एकाकडे, बसऱ्याची दुसऱ्याकडे, प्रार्थनेचे पुस्तक तिसरीकडे. पण जाण्यापूर्वी त्यांनी त्या वहीच्या पानाच्या तीन प्रती काढल्या आणि प्रत्येकाने एक घेतली. कोणती वस्तू कोणाची, कुठल्या लढाईतली, हे तिघांनाही ठाऊक आहे. वस्तू वाटल्या गेल्या, घराणे वाटले गेले नाही.

आता आपल्याकडचे सांगतो. बारामती-इंदापूरचा मुलूख सैनिकांना नवा नाही. इंदापूरला मालोजीराजे रणात पडले. पहिल्या महायुद्धात पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात कुतला वेढ्यात अडकली आणि एप्रिल १९१६ मध्ये शरण गेली, तिच्यात मराठा पलटणी होत्या. पश्चिम महाराष्ट्रात अनेक गावांत चावडीच्या किंवा वेशीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे, गावातून किती माणसे महायुद्धाला गेली आणि किती परतली नाहीत हे सांगणारी. पाटीवर आकडा असतो, नाव नसते. नाव असते ते घरातल्या पदकाच्या कडेवर. आमच्या नात्यात एका घरी असे चांदीचे पदक होते. बहात्तरच्या दुष्काळात ते सोनाराकडे गेले. पोटापुढे कोणाला बोल लावायचा? काशाचा तारा तेवढा राहिला, कारण त्याला मोल नव्हते.

तेव्हा श्रोतेहो, घरी जुनी ट्रंक असेल तर ती उघडा. पदक सापडले तर चिंच-राखेने घासू नका, अक्षरे झिजतात. भिंग घ्या, कड वाचा, नंबर आणि नाव उतरवून ठेवा. युद्धात पडलेल्या सैनिकांची नावे कॉमनवेल्थच्या युद्धस्मशान आयोगाच्या नोंदींत शोधता येतात. घरात ऐंशीच्या पुढचे कोणी असेल तर त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, हा माणूस कसा होता, परत आल्यावर काय बोलायचा. ते लिहा. शुद्धलेखनाची काळजी करू नका. कागदाच्या दोन प्रती काढा आणि एक प्रत लेकीलाही द्या, कारण आपल्याकडे पेटी बहुधा मुलाकडे राहते आणि गोष्ट मुलीला आठवत असते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)