पावसाचे महिने आणि झाडांचा मुलूख



जेथे पाऊस अधिक तेथे रान दाट, असे आपण सारेच धरून चालतो. हा हिशेब अपुरा आहे, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

महाबळेश्वरचा घाट उतरून वाईस येणे आपणांस नवे नाही. रस्त्याने अंतर अवघे ३०-३२ किलोमीटर. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, वाईस जेमतेम सात-आठशे. वर जांभूळ, अंजनी, पिसा यांचे सदाहरित रान; खाली बाभळी आणि बोरी. येथवर आपला हिशेब बरोबर उतरतो.

परंतु आता दक्षिणेकडे वळू. दक्षिण केरळच्या डोंगरांत महाबळेश्वरहून बराच कमी पाऊस पडूनही तीस-चाळीस मीटर उंचीची झाडे उभी आहेत. आमच्याकडे एवढा पाऊस कोसळूनही रान ठेंगणेच. असे का व्हावे? जांभ्यावरची उथळ माती आणि वारा ही कारणे आहेतच. पण मोठे कारण कोरड्या महिन्यांचे आहे. तिकडे ते दोन-तीन. आमच्याकडे ऑक्टोबर सरला की पुढच्या जूनपर्यंत पावसाचा भरवसा नाही. चार महिन्यांचा धो-धो पाऊस कड्यांवरून वाहून जातो आणि झाडाला उरलेले वर्ष तहानेवर काढावे लागते.

मग महिना कोरडा कोणता म्हणावा? फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आंरी गोसेन यांनी सोपी कसोटी दिली. महिन्याचे सरासरी तपमान सेल्सियस अंशांत घ्यावे व त्याची दुप्पट करावी. तितके मिलिमीटरही पाऊस नसेल तर तो महिना कोरडा. तपमान २० अंश असेल, तर पाऊस निदान ४० मिलिमीटर हवा. १९५५ साली स्थापन झालेल्या पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने याच विचाराने भारताच्या वनस्पतींचे नकाशे केले. त्यांत एक सेंटिमीटर म्हणजे दहा किलोमीटर. पुढे १९८२ पासून तिने दक्षिणेतील वनांचे याहून बारीक नकाशे काढले.

या नकाशांचा आपणांस उपयोग काय, असे कोणी विचारील. दर पावसाळ्यात आपण उत्साहाने झाडे लावतो. माणदेशाचा माळ उघडा दिसला की, येथले रान कोणी तोडले असेल, अशी हळहळ वाटते. काही ठिकाणी ती खरीही असेल. पण पाचशे मिलिमीटर पावसाच्या पातळ मातीवर गवत आणि विरळ हिवर-बोरी हीच कित्येकदा निसर्गाची मूळ मांडणी असते. मेंढपाळाचे पोट आणि माळढोकाचे घर त्या गवतावरच अवलंबून. तेथे खड्डे खणून कोकणातली रोपे लावली, तर रोपही जगत नाही आणि गवतही मोडते.

हवामान आता पालटत आहे. कोरडे महिने वाढले तर नकाशावरील सीमाही सरकतील. म्हणून गावोगावच्या पर्जन्यमापकाची नोंद न चुकता ठेवणे अगत्याचे आहे. रोप निवडण्यापूर्वी आपल्या गावी कोरडे महिने किती, हे प्रत्येकाने मोजून पाहावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.