पहिल्या पगाराच्या आधी



स्वागताध्यक्षानं कोल्हापूरचे गोडवे गावेत असा रिवाज आहे. मी एकच गोष्ट सांगतो. राजर्षी शाहू महाराजांनी ‘अस्पृश्य’ मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांना चहाचं दुकान घालून दिलं, हे आपल्याला ठाऊक आहे. पण महाराज तेवढ्यावर थांबले नाहीत, तिथं थांबून चहा घेऊ लागले. त्या काळात नुसत्या भांडवलावर ते दुकान चाललं नसतं.

नोकरीचंही तसंच आहे. संजय गांधी निराधार अनुदानावर जगणाऱ्या विधवा, परित्यक्ता भगिनींना काम लावून देणं फार अवघड नाही. फाउंड्रीतल्या कोअर शॉपला, पॅकिंगला माणसं आपल्या कारखान्यांना हवीच आहेत. गळती होते ती सुरुवातीच्या दिवसांत. पगार पुढच्या महिन्यात, तोवर वडापचं भाडं पदरचं. पाळी सकाळी सातची, अंगणवाडी उघडणार नंतर. पोरगं तापलं की दोन खाडे, तिसऱ्या दिवशी सुपरवायझर दुसरी बाई बघतो. आणि आपण बैठकीत म्हणतो, ‘ह्या बायका टिकत नाहीत.’

त्यात सरकारी हिशेब बघा. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कवच महिना २१,००० रुपये पगारापर्यंत. निराधार अनुदानासाठी उत्पन्नाची सर्वसाधारण मर्यादाही २१,०००च, फक्त ती अख्ख्या कुटुंबाची आणि वर्षाची! म्हणजे महिन्याला १,७५०. कसलीही नोकरी धरली की दरमहाच्या १,५०० रुपयांवर पाणी सोडायचं, आणि नोकरी सुटली तर पुन्हा उत्पन्नाचा दाखला, पुन्हा तहसील, पुन्हा समितीची बैठक. अशा वेळी जी बाई ‘नको साहेब’ म्हणते, तिला व्यवहार आपल्यापेक्षा जास्त कळतो. नोकरी लागल्यावर निदान सहा महिने अनुदान चालू ठेवा, ही मागणी तहसीलदार साहेबांनी मुंबईपर्यंत पोचवावी. ते आज पाहुणे आहेत, जेवल्याशिवाय उठता यायचं नाही, म्हणून आत्ताच मागून घेतो.

पण शासनाकडे बोट दाखवून आपली सुटका नाही. अमेरिकेत १९९६च्या कायद्यानं गरिबांच्या मदतीला मुदत घातली. ती मला पटत नाही. पण त्यानंतर तिथल्या कंपन्या कामाला लागल्या, त्यातलं एक उचलण्यासारखं आहे. न्यू जर्सीतल्या कॅम्डेनमधल्या लोकांना फिलाडेल्फिया विमानतळावरच्या कामावर पोचता येईना, तेव्हा यूपीएस या पार्सल कंपनीनं त्यांच्यासाठी बसची सोय करवून घेतली. शिरोलीच्या चार कारखान्यांना मिळून एक गाडी जड नाही. पहिल्या आठवड्यापासून उचल द्यायला तर कुणाच्या परवानगीचीही गरज नाही.

दारातल्या टेबलावर कोरे तक्ते ठेवलेत. किती जागा, कोणती पाळी, गाडी आहे की नाही, उचल किती, एवढंच लिहायचं आहे. दुपारच्या जेवणात तांबडा-पांढरा रस्सा आहे. त्यानंतर कुणाच्या हातून लिहून होईल असं मला वाटत नाही, तेव्हा तक्ते आधी भरून द्या.