हुकूम घरातला की परगावचा?



कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने घरगुती विजेच्या उपकरणांवर बोलावे, याचे धंतोलीतल्या काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. पण यंत्र कोणाच्या हुकमाने चालते, हा चळवळीचा जुनाच प्रश्न आहे. तो आता गिरणीच्या फाटकातून निघून आपल्या घराच्या उंबऱ्यापर्यंत आला आहे, एवढेच.

ज्याला 'स्मार्ट होम' म्हणतात ते प्रथम साध्या शब्दांत सांगतो. दिवा, कूलरचा पंप, दाराचे कुलूप यांत बिनतारी संदेश घेणारा लहानसा भाग बसविलेला असतो. या सर्वांना एकत्र बांधणारी एक छोटी पेटी घरात ठेवतात. तिला हब म्हणतात. प्रत्येक उपकरणाची बोली निराळी. ती बोली हबला समजावून देणारी जी आज्ञावली, तिचे नाव ड्रायव्हर. मोटार हाकणारा तो हा नव्हे. याला दुभाषा म्हटले तर अधिक शोभेल.

आता हा दुभाषा राहतो कोठे? स्मार्टथिंग्ज नावाची एक पद्धत 2012 साली अमेरिकेत निघाली आणि 2014 साली सॅमसंगने ती कंपनी विकत घेतली. त्या पद्धतीत अनेक वर्षे बहुतेक दुभाषे घरात राहतच नसत. ते कंपनीच्या दूरच्या संगणकांवर, म्हणजे ज्याला क्लाउड म्हणतात तेथे, राहत. खोलीत माणूस आला ही खबर इंटरनेटवरून परदेशी जायची, निर्णय तेथे व्हायचा, आणि मग हुकूम परत येऊन चार हातांवरचा दिवा लागायचा. अशी व्यवस्था आपल्याकडे असली आणि ऐन मे महिन्यात रस्ता खोदताना इंटरनेटची तार तुटली, तर घरात वीज असून, टाकीत पाणी असून, कूलरच्या पंपाला हुकूम मिळायचा नाही!

याची उपमा शोधण्यास नागपूरकराला लांब जावे लागत नाही. 1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे सुरू झाली. त्या काळच्या गिरण्यांत वाफेच्या एंजिनावर लांबलचक दांडे फिरत, आणि दांड्यांवरून पट्टे यंत्रांना जात. एंजिन थांबले की खातेच्या खाते थांबे. पुढे यंत्रागणिक विजेची मोटर आली, आणि एका मोटरचे दुखणे त्या यंत्रापुरते राहिले.

स्मार्टथिंग्जमध्येही असाच पालट झाला. 2021 साली 'एज' ड्रायव्हर जाहीर झाले. हे घरच्या हबमध्येच चालतात. ब्राझीलमध्ये 1993 साली जन्मलेल्या 'लुआ' नावाच्या भाषेत ते लिहिलेले असतात. 2022 सालापासून जुनी व्यवस्था मोडून उपकरणे या नव्या दुभाष्यांकडे सोपविण्यात आली. जेथे दिवे, खटके आणि नियम सर्वच घरातले असतील, तेथे इंटरनेट गेले तरी काम चालू राहते आणि हुकूमही लवकर पोचतो.

हे चांगलेच झाले. परंतु स्थलांतर म्हटले की आम्ही कामगार लोक आधी यादी मागतो, कारण नव्या खात्याच्या यादीत प्रत्येकाचे नाव असतेच असे नाही. येथेही तेच घडले. ज्या उपकरणांना जुळता ड्रायव्हर नव्हता, त्यांचे काही गुण गेले. काही नुसती नावापुरती उरली. मग ज्यांना ही विद्या येत होती, अशा जगभरच्या सामान्य ग्राहकांनी फावल्या वेळात ड्रायव्हर लिहिले आणि सर्वांना वाटले. याला मी संघटनेचेच काम म्हणतो.

ज्यांना असे घडविता आले नाही त्यांचे काय झाले? रिव्हॉल्व्ह नावाचा हब नेस्ट कंपनीने 2014 साली घेतला आणि मे 2016 मध्ये त्याची सेवा बंद केली. पैसे देऊन घेतलेल्या पेट्या निकामी झाल्या. एप्रिल 2022 मध्ये इन्स्टिऑनचे संगणक पूर्वसूचनेवाचून बंद पडले. तेव्हा जून महिन्यात त्याच्या काही ग्राहकांनी मिळून ती कंपनीच विकत घेतली!

तथापि घरात आले ते सर्व स्वतंत्र झाले, असे समजू नका. दुरून मोबाइलने दिवा लावायचा तर आजही कंपनीचे संगणक मध्ये लागतात. ज्या वस्तू केवळ आपल्या कंपनीच्या क्लाउडशीच बोलतात, त्यांना घरातला हबही सोडवू शकत नाही.

म्हणून वस्तू घेताना दुकानदाराला दोन प्रश्न विचारा. इंटरनेटवाचून ही चालते काय? आणि कंपनीने सेवा थांबविली तर हिचे काय उरेल? बसविणाऱ्या वायरमनला पैसे देण्यापूर्वी इंटरनेटची तार काढून सर्व उपकरणे चालवून दाखवावयास सांगा. भिंतीवरचा साधा खटका मात्र कोणाच्याही सांगण्यावरून काढू देऊ नका. जुन्यातून नव्यात जायचे असेल तर आधी उपकरणांची आणि नियमांची यादी कागदावर करा, आणि एकेक खोली हलवा.

वस्तूची किंमत आपण एकदा मोजतो. तिच्यावरचा हुकूमही त्याच पैशात आपल्या हाती आला पाहिजे. ही मागणी एकट्याने केली तर दुकानात हसतील. मोहल्ल्याने मिळून केली तर ऐकावी लागेल.