लेझरनं स्फटिकातल्या गल्लीची दिशा फिरवता येते का?

हा भाग तुम्ही मोबाइलवर ऐकताय, म्हणून सुरुवात मोबाइलपासूनच करू. फोनमध्ये नको त्या फ्रिक्वेन्सी गाळणारे बारीक फिल्टर असतात. त्यातले बरेच लिथियम टँटालेट किंवा लिथियम नायोबेटच्या स्फटिकाचे असतात. हे फेरोइलेक्ट्रिक पदार्थ. नावात 'फेरो' आहे, पण यांच्यात लोखंड नाही बरं का!

राजारामपुरीतल्या नंबरच्या गल्ल्या डोळ्यांसमोर आणा. समजा, प्रत्येक गल्ली वन-वे आहे. स्फटिकातही तसेच भाग असतात. एका भागातले धन आणि ऋण भार एकाच दिशेनं किंचित सरकलेले असतात. हे झालं एक डोमेन. शेजारच्या डोमेनची दिशा उलटी असू शकते. वीज बंद केली तरी दिशा टिकते, म्हणून यात मेमरी साठवता येते. उलटसुलट डोमेन ठरावीक अंतरावर आखली, तर आत सोडलेल्या इन्फ्रारेड लेझरचा हिरवा प्रकाशही करता येतो.

ही डोमेन बघण्याच्या कामात आपली माणसं होती. 1960च्या दशकात भिडे आणि बापट यांनी बेरियम टायटनेटमधली डोमेन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपनं पाहिली. हे वि. गो. भिडे पुढं पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

बघणं झालं, पण दिशा फिरवायची कशी? नेहमीची पद्धत म्हणजे वर-खाली इलेक्ट्रोड लावून व्होल्टेज द्यायचं. साध्या लिथियम नायोबेटला एक मिलिमीटर जाडीमागं सुमारे 21 हजार व्होल्ट लागतात. घरात येतात 230! शिवाय इलेक्ट्रोड पृष्ठभागावर असतात. मधल्याच एखाद्या थरात हवी तशी नक्षी काढता येत नाही.

इथं लेझर कामाला येतो. 1966 मध्ये बेल लॅब्जमध्ये ॲश्किन आणि सहकाऱ्यांना दिसलं की लेझर गेल्यावर या स्फटिकाचे प्रकाशीय गुण बिघडतात. प्रकाशानं इलेक्ट्रॉन सुटतात, दुसरीकडं अडकतात आणि आतच विद्युतक्षेत्र तयार होतं. तिथं डोमेन उलटत नव्हती. लोक त्याला 'ऑप्टिकल डॅमेज', म्हणजे नुकसानच म्हणायचे. पण प्रकाश स्फटिकाच्या आत विद्युतक्षेत्र उभं करू शकतो, हे त्यातून कळलं.

2022 मध्ये चीनच्या नानजिंग विद्यापीठातल्या गटानं नेमकं तेच वापरलं, फक्त वेगळ्या वाटेनं. अतिसूक्ष्म स्पंदांचा लेझर स्फटिकाच्या आत एका बिंदूवर एकवटला. त्यातून विद्युतक्षेत्र तयार झालं आणि डोमेन उलटलं. लेझर एका दिशेनं सरकवला की डोमेन लिहिलं जातं, उलट दिशेनं सरकवला की पुसलं जातं. तेही नॅनोमीटरच्या मापात आणि तिन्ही मितींत!

अडचण आहेच. बिंदू-बिंदू लिहायला वेळ लागतो, त्यामुळं इलेक्ट्रोड लगेच अडगळीत जाणार नाहीत. पण एकदा आखलेली नक्षी पुसून परत लिहिता आली, तर चुकलेला स्फटिक फेकून द्यावा लागणार नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना 'अनडू'ची सवय असते. हार्डवेअरला ती सोय मिळणं ही लय मोठी गोष्ट आहे.

प्रश्न असतील तर कमेंटमध्ये टाका. भेटू पुढच्या भागात!