मेलेला गडी पुन्हा उठतो



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. वीणा एका गळ्यातनं दुसऱ्या गळ्यात आली, टाळ झिजले, वाट तीच राहिली. आता पुढची शंभर वर्षं कोण चालणार? ही पोरं चालणार. म्हणून आज पोरांविषयीच बोलायचं.

आपली कुंभारी आता नुसतं शेतकऱ्यांचं गाव राहिली नाही. 2006 साली गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायांना 10 हजार घरं मिळाली. जानेवारी 2024 मध्ये रे नगरातली पहिली 15 हजार घरं कामगारांच्या ताब्यात आली. हक्काचं छप्पर झालं, फार चांगलं झालं. पण घराची चावी एका दिवसात मिळतेय, शेजार एका दिवसात होत नाही. आई विड्या वळतेय, बाप यंत्रमागावर पाळीला गेलेला. जुन्या गावातही तेच, बाप रानात आणि पोरगं कट्ट्यावर. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत चौदा-पंधरा वर्षांचं पोरगं कुणाच्या ताब्यात असतंय, हे ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं.

हल्ली भांडणाला कारण लागत नाही. मोबाईलवर स्टेटस ठेवलं, मिरवणुकीत धक्का लागला, 'माझ्याकडं का बघितलास', एवढं पुरतंय. एक पोरगं मार खाऊन आलं की दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली निघतेय. पुण्याकडं मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या हातात कोयते सापडल्याच्या बातम्या येतात. हे कुठल्या एका वस्तीचं दुखणं नाही, सगळीकडचं आहे. कोयता म्हणजे ऊस तोडायचं, पोट भरायचं हत्यार. ते लेकरावर चालायला लागलं तर आपल्या गळ्यातल्या माळेचा काय उपयोग?

पोराच्या अंगात रग असतेच, ती वाईट नव्हे. आपण शेतकरी माणसं. पाण्याला नुसता बांध घातला तर पाणी बांध फोडतंय. दारं धरून ते वाफ्यात वळवावं लागतंय. 'गप बस, हरिपाठाला चल' एवढ्यानं रग जिरत नाही.

संतांना हे ठाऊक होतं. तुकोबांच्या गाथ्यात फुगडी, हमामा, टिपरी, चेंडूफळी, विटीदांडू अशा कितीतरी खेळांवर अभंग आहेत. आपला देव तरी कोण? गोपाळांच्या पोरांत खेळणारा. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो, तो त्या खेळाचाच. ज्ञानोबांच्या पालखीला शिस्त लावणारे हैबतबाबा आरफळकर शिंदे सरकारच्या पदरी होते, शिपाईगडी. रिंगणात घोडा सुटतो, मागं वारकरी उड्या मारतात, पावली धरतात. तेव्हा खेळ आपल्या पंथात बाहेरनं आणायचा नाही. आहे तो मैदानात उतरवायचा.

आणि गावोगाव मारुतीचं देऊळ आणि शेजारी तालीम, ही जोडी काय उगाच झाली? अमरावतीला 1914 साली व्यायामाची संस्था निघाली, तिला नाव दिलं हनुमानाचं, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. तिच्या खेळाडूंनी 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपला हुतुतू, म्हणजे कबड्डी, खेळून दाखवली.

त्या हुतुतूतच सगळं निरूपण भरलंय. एक गडी दम धरून पलीकडं जातो. तोंडात एकच शब्द, दम तुटेपर्यंत. नाम घेणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. इकडचे गडी हाताला हात धरून साखळी करतात. एकट्याचं बळ तिथं चालत नाही. आणि गडी बाद झाला तर आपण काय म्हणतो? 'मेला'. तो निमूट रेघेबाहेर जाऊन बसतो. पलीकडचा एक बाद झाला की इकडचा बसलेला उठून परत खेळायला येतो. खेळातलं मरण असं आहे, त्यातनं उठता येतं. गल्लीतल्या मारामारीत पडलेलं पोरगं उठत नाही, माउली. आणि मारणारं पोरगंही उठत नाही, त्याचं आयुष्य तारखांना जातंय. हरून रेघेबाहेर बसायला जो शिकला, त्याला 'का बघितलास' म्हणून धावून जावं लागत नाही.

म्हणून शताब्दीची आठवण म्हणून कमान नको, फ्लेक्स नको. रोज संध्याकाळी हरिपाठाच्या आधी एक तास पोरांचा खेळ ठेवू. संघ गल्लीवार पाडायचे नाहीत. गावातलं, गोदूताई वसाहतीतलं, रे नगरातलं पोरगं एकाच बाजूला घ्यायचं. ज्याच्याशी साखळी धरली त्याच्यावर हात उचलायला जड जातंय. मुलींचा खेळही तितकाच. मराठी, कानडी, तेलगू, कुठलीही बोली चालेल. मुसलमानाचं पोरगं आलं तर त्याला टिळ्याची सक्ती नको. श्रीगोंद्याचे शेख महंमद आपल्याच संतांत आहेत. हरिपाठाला बसला तर आनंद, न बसला तरी उद्या खेळायला ये म्हणायचं. पैशाचं बक्षीस नको, पुढाऱ्याचं नाव नको. दोन जाणती माणसं रोज मैदानावर पाहिजेत, पाऊस असो वा सुगी.

कुणी म्हणेल, भांडखोर पोरगं आलं तर हाकला. हाकलायचं नाही. हा खेळ मांडायचा तो त्याच्यासाठीच. त्यानं हात उचलला तर आठ दिवस पाणी भरायचं, सतरंज्या अंथरायच्या, मृदंग वाहायचा. शिक्षा आपल्यातच भोगायची, बाहेर नव्हे. बाहेर त्याला घ्यायला टपलेली माणसं पुष्कळ आहेत.

एक मात्र ध्यानात ठेवा. खेळानं सगळं मिटतंय असं नव्हे. पोराच्या पिशवीत हत्यार दिसलं तर झाकून ठेवू नका, 112 ला कळवा. लेकराला घरात मारहाण होत असेल तर 1098 आहे. झाकणं ही माया नव्हे.

वीणा खाली ठेवायची नसते, पुढच्याच्या गळ्यात द्यायची असते. तो गळा शाबूत राहिला पाहिजे, एवढंच पांडुरंगाकडं मागणं.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!